नऊ दिवसांचा संप

पुणे, १२ मे

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. इंग्लंडमधला १९२६ चा सार्वत्रिक संप पुढाऱ्यांनी विकला, असा निकाल तू एका वाक्यात देऊन मोकळा झाला आहेस. विकणाऱ्याच्या पदरात निदान किंमत तरी पडते. या मंडळींना तीही मिळाली नाही, म्हणून तुझा शब्द मला पटत नाही.

भांडण मुळात कोळशाचे होते. एप्रिल १९२५ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी पौंड युद्धापूर्वीच्याच दराने पुन्हा सोन्याशी बांधला, त्यामुळे पौंड महागला आणि इंग्लंडचा कोळसा परदेशात महाग झाला. त्यातच रूरमधल्या खाणी पुन्हा चालू होऊन जर्मन कोळसाही बाजारात उतरला होता. खाणमालकांना उपाय सुचला तो एकच, मजुरी कमी करायची आणि कामाचे तास वाढवायचे. या मालकांचा हटवादीपणा इतका होता की, खाणकामगारांचे पुढारी हेच इंग्लंडमधले सर्वांत मूर्ख लोक ठरले असते, पण मालकांशी वारंवार गाठ पडते म्हणून तसे म्हणता येत नाही, असे खुद्द मंत्रिमंडळातले बर्कनहेड म्हणत. (हेच गृहस्थ त्या वेळी आपले भारतमंत्री होते, आणि कामगारांविषयी त्यांना मुळीच कळवळा नव्हता.)

३१ जुलै १९२५ रोजी पंतप्रधान बाल्डविन यांच्या सरकारने कोळसा धंद्याला नऊ महिन्यांचे अनुदान देऊन संप टाळला, आणि कामगारांनी त्या दिवसाला ‘लाल शुक्रवार’ म्हणून विजय साजरा केला. माझ्या मते हार झाली ती या नऊ महिन्यांतच. सरकारने देशाचे विभाग पाडून आयुक्त नेमले, कोळशाचे साठे करवले, मालमोटारींची व्यवस्था लावली. स्वयंसेवकांच्या नोंदणीसाठी तर एक खासगी संघटनाच उभी राहिली. ट्रेड युनियन काँग्रेस या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेच्या सर्वसाधारण मंडळाने मात्र एप्रिल संपत येईपर्यंत संपाची आखणी अशी केलीच नाही, कारण सरकार ऐन वेळी पुन्हा नमते घेईल अशी त्यांची मनोमन खात्री होती.

१ मे रोजी खाणींना टाळे लागले आणि ३ मेच्या मध्यरात्री संप सुरू झाला. सुमारे दहा लाख खाणकामगारांच्या पाठीशी रेल्वे, गोदी, छपाई, पोलाद अशा धंद्यांतले पंधरा लाखांहून अधिक लोक उभे राहिले, आणि मंडळालाही अपेक्षित नव्हती इतकी एकजूट दिसली. तेव्हा कामगार कचरले असे कोणी म्हणू नये. कचरले ते वरचे. रेल्वे कामगारांचे पुढारी जे. एच. टॉमस यांनी संप सुरू होण्याच्या दिवशीच पार्लमेंटात सांगून टाकले की, हे राज्यघटनेला आव्हान असेल तर सरकारच जिंकले पाहिजे, नाहीतर देवच आपला वाली. सेनापतीनेच असे बोलल्यावर पुढे काय उरते? हा संप केवळ मजुरीसाठी आहे असे मंडळ सांगत राहिले, पण देशाची वाहतूक रोखली की दाब येतो तो सरकारवर, आणि तो शेवटपर्यंत नेण्याची त्यांची तयारी नव्हती. रशियन कामगार संघटनांनी पाठवलेले पैसेही त्यांनी भीतीपोटी परत केले.

छापखान्यांतल्या कामगारांना बाहेर काढण्याचा निर्णय तर अंगलट आला. त्यामुळे कामगारांचे स्वतःचे वृत्तपत्र ‘डेली हेरल्ड’ही बंद पडले, आणि चर्चिल यांच्या ‘ब्रिटिश गॅझेट’ या सरकारी वृत्तपत्राला व बीबीसीला मोकळे रान मिळाले, कँटरबरीच्या आर्चबिशपांचे तडजोडीचे आवाहनसुद्धा आरंभी रेडिओवरून ऐकवले गेले नाही. त्याच सुमारास प्लिमथमध्ये संपकरी आणि पोलीस चक्क फुटबॉलचा सामना खेळले, तर लंडनच्या गोदीतून पिठाच्या गाड्या चिलखती मोटारींच्या पहाऱ्यात निघाल्या.

आपल्या मुंबईत जन्मलेले, बॅटरसीचे खासदार शापुरजी सकलातवाला तर संप सुरू होताच पकडले गेले. सैनिकांनी कामगारांवर गोळ्या झाडू नयेत, असे ते हाइड पार्कमधल्या मे दिनाच्या भाषणात म्हणाले होते. त्याबद्दल त्यांनी दोन महिन्यांचा तुरुंगवास भोगला.

शेवटी कोळसा धंद्याच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष हर्बर्ट सॅम्युएल यांच्या तडजोडीच्या टिपणाचा आधार धरून मंडळ १२ मे रोजी बाल्डविन यांच्या दारी गेले आणि संप मागे घेऊन आले. ते टिपण सरकारवर बंधनकारक नव्हते, खाणकामगारांनी ते आधीच नाकारले होते, आणि परतणाऱ्यांवर सूड उगवला जाणार नाही एवढी हमीसुद्धा कोणी लेखी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्यांपुढे मालकांनी नव्या अटी ठेवल्या, तेव्हा संपकऱ्यांचा आकडा घटण्याऐवजी वाढलाच.

खाणकामगारांचे पुढारी ए. जे. कुक आणि हर्बर्ट स्मिथ यांनाही मी मोकळे सोडणार नाही. ‘मजुरीतून एक पेनी कमी नाही, दिवसात एक मिनिट जास्त नाही’ ही घोषणा झकास होती, पण तडजोडीला तिने तसूभरही जागा ठेवली नाही. खाणकामगार नोव्हेंबरपर्यंत एकटे झुंजले आणि कमी मजुरीवर, जास्त तासांसाठी परत खाणीत उतरले. १९२७ च्या कायद्याने सहानुभूतीच्या, म्हणजे दुसऱ्या धंद्यातल्या कामगारांना पाठिंबा म्हणून केलेल्या, संपावर बंदी आली. ती १९४६ पर्यंत टिकली.

आता तू १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपाविषयी लिही. तो सहा महिने चालला, आणि त्यात बेन ब्रॅडली हा इंग्रज कामगार कार्यकर्ताही होता. इंग्लंडमधले ते नऊ दिवस त्याने इकडच्या लोकांना कसे सांगितले असतील, हे मला फार दिवसांपासून जाणून घ्यायचे आहे. तुझ्याकडच्या जुन्या कागदांत काही सापडले तर नक्की कळव.

तुझा,
माधव