मालकाचा रकाना: लौटोकाहून आई-बाबांना पत्र

लौटोका, फिजी
18 ऑगस्ट 2024

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी एक प्रश्न विचारला आणि त्याच वेळी रेंज गेली. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी नवाहो लोकांची जमीन त्यांचीच आहे, फिजीतल्या मूळ लोकांची जमीनही त्यांचीच आहे, दोन्हीकडे बाहेरच्या माणसाला ती विकत घेता येत नाही, मग दोन्हीकडे ओढाताण का, असा तो प्रश्न होता. आयुष्यभर तलाठ्याचे दप्तर सांभाळलेल्या माणसालाच तो सुचावा. पाण्याच्या कामानिमित्त मी अॅरिझोनात चिनली गावाजवळ दोन वर्षे राहिले आणि आता दहा महिने येथे आहे, तरी हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत मी स्वतःला कधी विचारला नव्हता. फोनवर त्याचे उत्तर देता येण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा, तुमच्याच भाषेत सांगायचे तर नवाहो जमिनीचा सातबारा असता तर मालकाच्या रकान्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नाव असते आणि नवाहो लोक ‘इतर हक्क’ या रकान्यात सापडले असते. अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला हा प्रदेश सुमारे 71 हजार चौरस किलोमीटरचा आहे, त्यांचे स्वतःचे सरकार, पोलीस आणि न्यायालये आहेत, विंडो रॉक ही राजधानी आहे, परंतु बहुतेक जमीन केंद्र सरकारने त्यांच्या वतीने विश्वस्त म्हणून धरून ठेवलेली आहे. आपल्याकडे भोगवटादार वर्ग 2 च्या जमिनीला किंवा आदिवासी खातेदाराच्या जमिनीला विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तेथे विक्रीचा प्रश्नच येत नाही, पण घर बांधण्यासाठीही भाडेपट्टा घ्यावा लागतो. साधारण एक एकराचा तुकडा, मुदत 75 वर्षे, आणि तो मिळवण्यासाठी त्या भागात मेंढ्या चारण्याचा परवाना असलेल्यांची संमती, पुरातत्त्वाचा दाखला, पर्यावरणाचा दाखला, असे एकामागून एक कागद. तो हाती आला तरी जमीन तारण ठेवता येत नसल्यामुळे बँका कर्जाला नाखूश असतात. म्हणून तेथे कित्येक कुटुंबे चाकांवर ओढून आणलेल्या तयार घरात राहतात आणि शेजारी आजीचे अष्टकोनी होगान, म्हणजे पारंपरिक घर, उभे असते.

याचा कळस पश्चिमेकडच्या भागात झाला. नवाहो आणि होपी या दोन जमातींतला सीमेचा वाद मिटेपर्यंत म्हणून 1966 मध्ये केंद्राच्या एका अधिकाऱ्याने सुमारे 15 लाख एकरांवरील सर्व बांधकाम गोठवले, आणि ती बंदी 2009 पर्यंत टिकली. त्या बंदीमुळे गळके छप्परही दुरुस्त करता येत नव्हते. तेवढ्या वर्षांत एक पिढी जन्माला येऊन आजी-आजोबा होते.

आई, तुला 1972 चा दुष्काळ आठवतो, म्हणून हे तुझ्यासाठी. तेथील सुमारे 30 टक्के घरांत आजही नळ नाही. मी ज्यांच्याकडे दर पंधरवड्याला जात असे त्या आजी ऐंशीच्या घरात होत्या. नातू पिकअप गाडीच्या मागे दोनशे लिटरचे तीन प्लास्टिकचे पिंप बांधून त्यांना घेऊन जायचा. गावपंचायतीसारखे जे ‘चॅप्टर हाउस’ असते त्याच्या आवारातल्या नळावर रांग लावायची, आणि परतताना कच्च्या रस्त्यावर पाणी हिंदकळू नये म्हणून गाडी पायी चालल्यासारखी आणायची. एकाच भगुल्यातल्या पाण्यात आजी आधी बटाटे धुत, मग हात, आणि उरलेले कुत्र्यापुढे ठेवत. तू बादलीच्या तळाला उरलेले पाणी तुळशीला घालतेस तेव्हा तुझ्या मनगटाला जसा बाक येतो, नेमका तसाच त्यांच्या मनगटाला येत असे.

मात्र त्या प्रदेशात पाणी आणि वीज नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पेज या गावाजवळ 2,250 मेगावॉटचे औष्णिक केंद्र नवाहोंच्या जमिनीवर, त्यांच्याच भागातील कोळशावर 1970 च्या दशकापासून चालत होते, आणि त्या विजेच्या मोठ्या हिश्शावर कोलोराडो नदीचे पाणी उपसून फिनिक्स आणि टुसॉन या शहरांकडे नेले जात होते. तारा डोक्यावरून जात होत्या आणि खाली कंदील होते. कोयनेच्या विस्थापितांच्या ज्या हकिगती बाबा आम्हाला सांगत असत, त्याच मला तेथे पुन्हा ऐकू आल्या. 2019 मध्ये ते केंद्र आणि त्याची खाण बंद झाली तेव्हा धूर थांबला, पण शेकडो चांगल्या पगाराच्या नोकऱ्याही गेल्या आणि जमातीच्या तिजोरीतला रॉयल्टीचा मोठा ओघ आटला. कोळशाआधी युरेनियम होते. 1944 ते 1986 या काळात तेथून सुमारे तीन कोटी टन खनिज काढले गेले आणि पाचशेहून अधिक खाणी तशाच टाकून दिल्या गेल्या. काही कुटुंबांनी त्या खाणींचे दगड घराच्या पायात घातले, कारण ते किरणोत्सर्गी आहेत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, 1868 च्या तहानुसार नवाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी स्वतःहून पावले उचलणे सरकारवर बंधनकारक नाही. विश्वस्त म्हणून नाव सरकारचे, पण विश्वस्ताचे कर्तव्य कोठे संपते हे ठरवणारेही सरकारचेच न्यायालय.

त्या तहाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1864 मध्ये लष्कराने आठ हजारांहून अधिक नवाहोंना शेकडो मैल चालवत नेऊन फोर्ट समनर येथे डांबले होते. चार वर्षांनी तह झाला आणि ते आपल्याच डोंगरांत परतले, जे फार थोड्या जमातींच्या नशिबी आले. तहात त्यांना 15 हजार मेंढ्या-बकऱ्या देण्याचे कलम होते. त्यांतून वाढलेले कळप मुख्यतः बायकांच्या मालकीचे होते, कारण नवाहोंमध्ये मूल आईच्या कुळाचे मानतात आणि ओळख करून देताना प्रथम आईचे कुळ सांगतात. 1930 च्या दशकात जमिनीची धूप होते या कारणाने सरकारने त्यांतील लाखो जनावरे कमी केली आणि कित्येक जागच्या जागी मारून टाकली. बायकांच्या हातातले भांडवल असे एका धोरणात गेले. त्या आजींच्या आईने ते पाहिले होते, आणि आजी मला ते सांगताना लोकर पिंजण्याचे काम क्षणभर थांबवत असत.

आता फिजीकडे वळते. येथे ‘फिजियन’ हा शब्द 2010 पासून सर्व नागरिकांसाठी आहे, म्हणून मूळ रहिवाशांना इटौकेई म्हणतात, आणि मी पुढे तसेच म्हणते. देशातील सुमारे 87 टक्के जमीन त्यांची आहे, आणि येथे मालकाच्या रकान्यात सरकार नसून ‘मातांगाली’ म्हणजे भावकी आहे. मूल जन्मले की त्याचे नाव भावकीच्या नोंदवहीत चढते, आणि तीच त्याची वारसनोंद. 1874 मध्ये बेटे ब्रिटिशांच्या ताब्यात गेली, पुढच्याच वर्षी गोवराच्या साथीत सुमारे 40 हजार माणसे दगावली, आणि त्यानंतर गव्हर्नर आर्थर गॉर्डन याने मूळ लोकांची जमीन विकण्यावर बंदी घातली व त्यांना मळ्यांवर जुंपू दिले नाही. हा निर्णय मला मोलाचा वाटतो. अमेरिकेत 1887 च्या कायद्याने जमातींच्या सामाईक जमिनींचे माणशी तुकडे पाडून त्या विक्रीयोग्य केल्या, तेव्हा पुढच्या अर्धशतकात सुमारे नऊ कोटी एकर जमीन त्यांच्या हातून गेली. नवाहोंचा बहुतेक प्रदेश त्यातून वाचला. तेव्हा बाबा, जमीन विकता येत नाही हे या हलाखीचे कारण आहे असे मी मानत नाही. विकता आली असती, तर आज प्रश्न विचारायला जमीनच उरली नसती.

परंतु गॉर्डनच्या निर्णयाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. मळ्यांना मजूर हवे होतेच. 14 मे 1879 रोजी ‘लिओनिडास’ जहाज हिंदुस्थानातून पहिली खेप घेऊन आले, आणि 1916 पर्यंत 60 हजारांहून अधिक माणसे आली. करार म्हणजे ‘अॅग्रीमेंट’, त्याचे झाले गिरमिट. त्यांचे वंशज आज देशाच्या साधारण एक तृतीयांश आहेत आणि ऊस प्रामुख्याने त्यांनीच पिकवला, पण दुसऱ्याच्या जमिनीवर. म्हणजे येथे कुळाचा रकाना भरलेला आहे, मात्र कुळाला मालक करणारा कूळकायदा कधी आलाच नाही. 1976 च्या कायद्याने तीस वर्षांचे पट्टे दिले आणि खंडाला जमिनीच्या मूळ किमतीच्या सहा टक्क्यांची मर्यादा घातली. 1997 पासून त्याआधीचे, म्हणजे 1960 च्या दशकात सुरू झालेले पट्टे संपू लागले, बरेच वाढवून मिळाले नाहीत, आणि हजारो कुटुंबे घराचे पत्रे उचकटून राजधानी सुव्याच्या कडेच्या वस्त्यांत जाऊन राहिली. 1987 आणि 2000 च्या सत्तापालटांनंतर शिकलेले लोक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेले ते वेगळेच. उसाचे उत्पादन 1990 च्या दशकातील उत्पादनाच्या निम्म्याहूनही खाली आले आहे.

सध्या गळीत हंगाम चालू आहे. वाळत घातलेल्या कपड्यांवर जळालेल्या पाचटाची काळी भुसकटे पडतात आणि मला सांगलीची आठवण येते. बा भागातील एका शेतकऱ्याच्या घरी गेले होते. त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पट्टा काढून दाखवला. मुदत 2029 पर्यंत. मुलगा ऑकलंडहून पैसे पाठवतो, तरीही भिंती लाकडाच्याच आहेत. सिमेंट जमिनीत घातले की ते जमीनमालकाचे होते, असे त्यांच्या पत्नी चहा गाळता गाळता सहज म्हणाल्या.

त्यांचा जमीनमालक असलेल्या भावकीचे गाव दोन मैलांवर आहे. तेथे मी यांगोना नावाचे पेय ज्यांपासून करतात त्या मुळ्यांची जुडी घेऊन रीतसर भेटीस गेले. मनात मी जमीनदाराची कल्पना केली होती, आणि समोर पत्र्याची घरे, शेवाळलेला पाण्याचा हौद आणि फार आदबीने बोलणारी माणसे होती. खंड भावक्यांच्या जमिनींचे पट्टे सांभाळणाऱ्या मंडळाकडे जमा होतो, मंडळ आपला खर्च कापून घेते, आणि उरलेली रक्कम 2011 पासून भावकीतल्या सर्वांना सारखी वाटली जाते. त्यापूर्वी त्यात सरदारांचे ठरलेले वाटे होते. वर्षाकाठी एकेकाच्या हाती शाळेच्या गणवेशापुरतेही पैसे येत नाहीत, असे एका गृहस्थांनी हसत सांगितले. रोकड मिळते ती ऑस्ट्रेलियात फळे तोडायला आणि कत्तलखान्यात कामाला गेलेल्या तरुणांकडून. परदेशातून येणारे पैसे आता वर्षाला एक अब्ज फिजियन डॉलरच्या वर गेले आहेत, आणि गावात बायका, मुले व म्हातारी माणसे अधिक दिसतात.

डॉलरांत मोजले तर नवाहो कुटुंब या गावापेक्षा श्रीमंतच ठरेल. दोन्ही देशांची गरिबीची रेषा वेगळी असल्याने टक्केवारीची तुलना करण्यात अर्थ नाही. मी घरे मोजते. येथे परसात कसावा आणि अळकुडीसारखा डालो आहे, समुद्र आहे, मागितले तर शेजाऱ्याने नाही म्हणायचे नाही असा ‘केरेकेरे’ नावाचा रिवाज आहे, त्यामुळे रोकड नसली तरी चूल पेटते. नवाहो प्रदेशात पूर्ण किराणा दुकाने अगदी मोजकी असून भाजीसाठी तासभर गाडी हाकावी लागते. तेथे 2014 मध्ये जमातीच्या सरकारने निःसत्त्व खाद्यपदार्थांवर दोन टक्के कर लावला. मधुमेह मात्र दोन्हीकडे घरोघरी आहे, येथे पांढरा पाव, नूडल्स आणि डबाबंद मटणामुळे. आई, तू गोळ्या वेळेवर घे.

बाबांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला वनुआ लेवू बेटावर मिळाले. वुनिदोगोलोआ गावात भरतीचे पाणी घरांत शिरू लागले, तेव्हा 2014 मध्ये सबंध गाव दोन किलोमीटर आत, त्याच लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर हलवले गेले. सरकारने पैसे दिले, लाकूड गावाने दिले, आणि कोठे जायचे हे गावाने ठरवले. छप्पर दुरुस्त करण्यासाठी 43 वर्षे थांबलेल्या नवाहोंना जमीन कितीतरी पटींनी अधिक आहे, पण ती कशी वापरायची हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. इटौकेईंकडे तो अधिकार आहे, भांडवल नाही. आणि उसाच्या शेतकऱ्यांकडे कसब आहे, भांडवल थोडेफार आहे, पण पायाखालची जमीन मुदतीची आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात पंतप्रधान राबुका यांनी गिरमिटियांच्या वंशजांची जाहीर माफी मागितली. 1987 चा पहिला उठाव त्यांनीच केला होता, आणि तोही 14 मे याच तारखेला. बा भागातील त्या शेतकऱ्यांना मी याबद्दल विचारले, तर ते म्हणाले, चांगले झाले, पण पट्ट्याबद्दल काही बोलले का?

‘कसेल त्याची जमीन’ येथे आणावी असे मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडून ती घ्यावी लागेल ते कुलकर्णी-इनामदार नसून, जमिनीखेरीज काही नसलेले मूळ रहिवासी आहेत. लांब मुदत आणि घर-विहिरीची भरपाई एवढे जरी झाले तरी सिमेंटच्या भिंती उभ्या राहतील. मात्र आपल्या आजोबांचे नाव कुळाच्या रकान्यातून मालकाच्या रकान्यात गेले, ही गोष्ट मी बा भागातील त्या शेतकऱ्यांना सांगितली तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. असे कागदावर घडू शकते, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे आहे. बाबा, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात तो जुना उतारा असेल. 1957 नंतरच्या फेरफाराची नक्कलही त्यासोबत असेल तर दोन्हींचे फोटो काढून पाठवा. फोटो खिडकीपाशी, उजेडात काढा, म्हणजे शाई नीट दिसेल.

आपली,
लेक