बर्फाच्या फोटोसोबत इशाराही नीट छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की जवळपास सगळ्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते, हिमाचल-काश्मीरमध्ये जोरदार बर्फवृष्टी, पर्यटक खूश, आणि सोबत बर्फाचे गोळे फेकणाऱ्या पोरांचा फोटो. फोटोबद्दल तक्रार नाही, बर्फ बघायची हौस सगळ्यांनाच असते. पण हवामान खात्याने दिलेला ऑरेंज नाहीतर रेड अलर्ट शेवटच्या ओळीत कुठेतरी असतो, आणि तो कुठल्या जिल्ह्याला, कधीपासून कधीपर्यंत, हे बऱ्याचदा नसतंच. म्हणून हे पत्र.

ही वादळं अचानक टपकत नाहीत हो. वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार होतात, उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयाला येऊन धडकतात, तिथे डोंगरामुळे दमट हवा वर चढते, गार होते आणि बर्फ पडायला लागतो. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा तरी येतात, सगळेच काही मोठे नसतात, पण जो मोठा असतो त्याचा अंदाज दोन-चार दिवस आधी मिळतो, म्हणजे माणसाला निघायचं की थांबायचं हे ठरवायला वेळ असतो. आणि बर्फ पडायलाच हवा, तिथलं सफरचंद, रब्बीचा गहू, उन्हाळ्यात नद्यांना येणारं पाणी सगळं त्याच्यावर आहे, तेव्हा बर्फाची भीती घाला असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण ऑरेंज म्हणजे तयारीत राहा आणि रेड म्हणजे आता लगेच बचावाची पावलं उचला, हे किती जणांना माहीत आहे? माझ्या आजूबाजूला तर अलर्ट आला की लोक म्हणतात, चला, म्हणजे बर्फ नक्की मिळणार, आणि उलट त्याच दिवशी वर जायचं ठरवतात!

पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी 2022 मध्ये काय झालं आठवा. बर्फ बघायला इतक्या गाड्या वर गेल्या की रस्ता जाम, वरून बर्फ थांबेना, आणि वीसहून जास्त माणसं गाडीत अडकून दगावली. अशा वेळी नुसती थंडीच मारते असं नाही. काचा बंद, हीटरसाठी इंजिन चालू आणि मागे सायलेन्सर बर्फात बुजलेला, की धूर बाहेर जायच्या ऐवजी गाडीत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणसाचं डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि तो झोपतो. सायलेन्सरभोवतीचा बर्फ सारखा काढत राहायचा, इंजिन थोडा थोडा वेळच चालू ठेवायचं, एक काच बोटभर खाली ठेवायची, या एवढ्या तीन गोष्टी त्या फोटोखाली छापायला कितीशी जागा लागते?

आपल्याकडे डिसेंबर 2024 मध्ये हिमाचलात मनालीजवळ सोलंग ते अटल टनेलच्या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या, पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं म्हणून निभावलं. 2020 मध्ये टनेल सुरू झाला आणि पलीकडच्या लाहौल खोऱ्यात जाणं सोपं झालं, चांगलंच आहे, पण त्याचं तोंड दहा हजार फुटांवर आहे आणि तिथपर्यंतचा रस्ता उघड्या डोंगरातूनच जातो.

आणि सगळ्यात राहून जाणारी गोष्ट म्हणजे वादळानंतरचे दोन दिवस. ऊन पडतं, आकाश निळंशार होतं, बातमी संपते, आणि धोका मात्र तेव्हाही असतोच. ताज्या बर्फाचा जड थर जुन्या थरावर नीट बसलेला नसतो, तीव्र उतारावरून तो सुटतो. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं, सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसतो आणि ब्रेक दाबला की गाडी सरळ दरीकडे. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, तो इशारा मराठी पेपरात मला तरी क्वचितच दिसलाय. 28 फेब्रुवारी 2025 ला उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कॅम्पवर हिमस्खलन झालं, 54 कामगार त्यात अडकले, त्यातले 8 गेले. ती माणसं मजा करायला गेली नव्हती, आपण ज्या रस्त्याने फिरायला जातो तसलेच रस्ते मोकळे ठेवणारी माणसं होती ती. आपण अलर्ट असताना वर जाऊन अडकलो की आपल्याला काढायला अशीच माणसं त्याच बर्फात येतात, याचा तरी विचार व्हायला हवा.

तर विनंती एवढीच, डिसेंबर ते मार्च रोजच्या हवामानाच्या चौकटीत हिमालयाच्या चार ओळी घाला. कुठल्या जिल्ह्याला कुठला रंग आणि कधीपर्यंत, हिमस्खलनाचा इशारा आहे का, कुठले रस्ते बंद, कुठे फक्त फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या) गाड्या सोडतायत, आणि 112 सोबत जिल्हा आपत्ती कक्षाचा 1077 नंबर. वादळ गेल्यावरही निदान दोन दिवस ही चौकट काढू नका.

आपली,
एक नियमित वाचक