शीर्षकापुरतीच नक्षी

महोदय,

परवा एक प्रमाणपत्र हाती आले. नाव, तारीख, अटी, सगळेच काळ्याभोर गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या जाड, कोनदार वळणात, तेही सलग कॅपिटल अक्षरांत! वाचताना डोळे शिणले. गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल याच वळणात छापले, तेव्हा ती सजावट नव्हती. ग्रंथलेखनाचे तेच रुळलेले वळण होते. त्यातली मोठी अक्षरे मात्र शब्दाच्या आरंभी एकेकटी बसण्यासाठी घडलेली. ती ओळीने मांडली की नुसते जाळे दिसते.

जुन्यावरून नवे करणे म्हणजे गिरवणे नव्हे. रोममधील सम्राट ट्राजनच्या स्तंभावरच्या इ. स. ११३ मधील शिलालेखावरून कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ मध्ये ‘ट्राजन’ हा फॉन्ट घडवला. मूळ लेखात एच, जे, के, यू, डब्ल्यू, वाय, झेड ही अक्षरेच नाहीत. ती त्याच घाटात नव्याने कल्पावी लागली. लहान लिपी मात्र त्यांनी केलीच नाही. हा संयम मला फार आवडतो. (चित्रपटांच्या पोस्टरवाल्यांनी पुढे या फॉन्टचा पिच्छा पुरवला, तो भाग वेगळा.)

शीर्षक खुशाल नटवा. अटी आणि तारखा तेवढ्या साध्या अक्षरांत छापा.

– एक वाचक