बाबा, फॉर्मवर सही करायच्या आधी

ठाणे, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

अ‍ॅक्चुअरीच्या परीक्षेतला सीपी-१ हा पेपर सुटला! १३ पैकी १० पेपर झाले. असोसिएट या पहिल्या पायरीसाठी लागतात तेवढे. फेलो व्हायला अजून ३. आई, लोकांना काय सांगायचं, विचारलंस ना? सांग, विम्याचा हप्ता किती असावा, पेन्शन किती देता येईल आणि त्यासाठी कंपनीने आज किती पैसे राखून ठेवावेत, याचं गणित मुलगी करते.

एक कबुली. सीएस-२ मध्ये मी तीनदा नापास झाले, तुम्हाला दोनदाच सांगितलं. माणसं किती जगतात, याचंही गणित त्यात असतं. धूमकेतूवाल्या हॅलेने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयाला किती माणसं जिवंत असतात याचा तक्ता मांडला, आणि त्यावरून वर्षासनाची, म्हणजे जिवंत असेपर्यंत दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची, किंमत काढली. एकाच्या आयुष्यावरची, तशीच दोघांच्याही.

दोघांच्या, यासाठीच हे पत्र. बाबा, कारखान्याच्या पीएफची रक्कम तुम्ही पेन्शन योजनेत घालताय आणि 'फक्त स्वतःसाठी' यावर खूण करणार आहात, महिन्याला थोडे जास्त मिळतात म्हणून. जास्त मिळतात, कारण तुमच्यानंतर ती पेन्शन बंद होते. आई तुमच्याहून ७ वर्षांनी लहान, शिवाय बायका सरासरीने जास्त जगतात, आणि तिचं स्वतःचं उत्पन्न काहीच नाही. जॉइंट लाइफ घ्या, पूर्ण पेन्शन आईला चालू राहील असा पर्याय. हातात थोडे कमी येतील, पण नंतर हा पर्याय बदलता येत नाही.

फोनवर 'तुमच्यानंतर' हा शब्द तोंडातून निघेना. ऑफिसात दिवसभर तोच हिशेब करते. तक्त्यात एकेका वयाची एकेक ओळ असते. ६२ ची आली की मी पटकन पुढे सरकते. तक्ता हजारोंचा असतो, एकट्या माणसाचं काही सांगत नाही, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत, तरीही.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. फॉर्म आपण तिघं बसून भरू. आईला समोर बसवून, तिलाही सगळं समजेल असं.

तुमची,
मनू