वकीलपत्रावर सही करण्याआधी

पुणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

धाकट्याला अटक झाल्याचे कळले आणि तू शेत गहाण ठेवून एका नामवंत वकिलांची फी भरायला निघाला आहेस हेही कळले, म्हणून तातडीने लिहितो आहे. मोठ्या नावाला माझा विरोध नाही. पण रिमांडला, म्हणजे कोठडीच्या मागणीसाठी त्याला न्यायालयापुढे उभे करतात तेव्हा, आणि प्रत्येक तारखेला प्रत्यक्ष उभे कोण राहणार, उलटतपासणी कोण घेणार, हे त्यांच्याच तोंडून ऐकल्याशिवाय वकीलपत्रावर भावाची सही घेऊ नकोस. एकदा वकीलपत्र दाखल झाले की वकील बदलताना सहसा आधीच्यांची ना-हरकत लागते, आणि तिच्यापायी तारखा वाया जातात.

सुनावणी सहसा खुल्या न्यायालयात चालते, तेव्हा ज्यांचे नाव मनात आहे त्यांचे काम एक दिवस मागच्या बाकावर बसून ऐक. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदार पिंजऱ्यात सांगू लागतो, तेव्हा जाणता वकील तेवढी तफावत नोंदवून घेऊन खाली बसतो. कच्चा वकील ‘मग तेव्हा का सांगितले नाही?’ असे विचारतो, साक्षीदाराला खुलाशाची आयती संधी देतो आणि तो खुलासा आरोपीच्या विरोधात कागदावर जातो. माझ्या मते फौजदारी वकिलाची खरी पारख इथेच होते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 नुसार, गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मात्र दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वीच अर्ज पडायला हवा. हे दिवस पहिल्या रिमांडपासून मोजतात, म्हणून पहिल्याच भेटीत जे पहिल्या रिमांडची तारीख विचारून टिपून ठेवतील, त्यांच्यावर मी विश्वास टाकीन. ‘साहेब ओळखीचे आहेत’ म्हणणाऱ्याकडून उठून ये. ‘सुटला तरच पैसे द्या’ म्हणणाऱ्याकडूनही; निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे.

आणि शेत गहाण ठेवू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोठडीतील व्यक्तीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज कर. अनेक जिल्ह्यांत यासाठी लोक अभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपींची बाजू मोफत मांडणाऱ्या वकिलांचे कार्यालयही आहे. फुकट मिळतात म्हणून त्या वकिलांना कमी लेखू नकोस, कारण ते रोज त्याच न्यायालयात उभे असतात.

प्राथमिक माहिती अहवालाची आणि रिमांडच्या आदेशाची प्रत मला आजच पाठव. कोणती कलमे लावली आहेत ते पाहू आणि वकिलांना भेटायला दोघे मिळून जाऊ.

तुझा स्नेही