चाकवत ओळखून देणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही हातात पालेभाजीची जुडी ठेवून विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सगळ्यांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण असे, की चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला जे प्रश्न विचारले होते, तेच आता इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात नव्याने आलेली मराठी मंडळी मला विचारतात: कोथिंबीर लगेच फुलावर का जाते, टोमॅटो एकाएकी काळे का पडतात, या मातीत आपल्याकडचे असे काही येते का. माझ्यापाशी असलेली उत्तरे तुमची आहेत आणि ती तुमचीच म्हणून सांगितली जावीत, अशी माझी इच्छा आहे.

अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाला पिकवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, अर्धा तुकडा मला मिळाला, तेव्हा त्यामागचा इतिहासही तुमच्याकडूनच कळला. मागणी असेल तिथे स्थानिक प्रशासनाने लोकांना भाजीपाल्यासाठी जमीन द्यावी, असे १९०८ च्या कायद्याने ठरवले; पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटरचा असतो आणि ‘रॉड’ हे जुने माप आजही भाडेपट्टीत टिकून आहे. माझ्या वाट्याला त्याचा निम्मा भाग आला होता आणि त्यावर कमरेएवढे तण माजले होते. त्या जूनमध्ये मी सलग दोन शनिवार खुरपत होते आणि उपटलेल्या तणाचा ढीग पायवाटेवर रचत होते. तुम्ही शेजारून आलात, ढिगातून एक कोवळी फांदी उचललीत, पान उलटे करून त्यावरची पिठासारखी पांढरी भुकटी मला दाखवलीत आणि म्हणालात, “अगं, हा चाकवत आहे. टाकून काय देतेस?”

तो क्षण मी विसरणार नाही. माहेरी हिवाळ्यात आठवड्यातून एकदा तरी ताकातला चाकवत होत असे, आणि परदेशात येऊन आठ वर्षे झाली तरी इथे ज्याला ‘फॅट हेन’ म्हणून उपटून फेकतात ती हीच वनस्पती असेल, असे माझ्या मनातही आले नव्हते. नांगरलेल्या, खत घातलेल्या जमिनीत तो आपोआप उगवतो, फुलोरा येण्याआधी त्याचे शेंडे खुडायचे आणि ओळख पक्की पटल्याखेरीज कोणतेही रोप घरी न्यायचे नाही, हे तिन्ही तुम्ही तिथेच सांगितलेत. त्या संध्याकाळी तुमच्याच स्वयंपाकघरात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घालून तो शिजला, बेसन लावलेले ताक त्यात पडले, वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी बसली. माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा चाकवत खाल्ला, तो इंग्लंडच्या मातीतला.

कोथिंबिरीचे दुःख त्याच महिन्यातले. दुकानातून आणलेले धने हलके रगडून, दोन फाकी करून मी मे महिन्यात पेरले होते. रोपे सुरेख आली, आणि जून संपता संपता त्यांची पाने बडीशेपेसारखी बारीक होऊन पांढरे तुरे दिसू लागले. माझा समज असा की पाणी कमी पडले. तुम्ही मला घड्याळ दाखवलेत: रात्रीचे सव्वानऊ झाले होते आणि सूर्य मावळला नव्हता. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, लेस्टरला तो जवळजवळ सतरा तासांचा होतो. कोथिंबिरीला लांबलेला दिवस म्हणजे फुलण्याचा निरोप वाटतो. त्यात माती कोरडी पडली की ती अधिकच घाई करते. “पाऊस पडला की पेरायचे, हा आपला हिशोब इथे चालत नाही. इथे उजेड मोजायचा,” हे तुमचे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. तेव्हापासून कोथिंबीर आणि मेथी मी एकदा एप्रिलच्या सुरुवातीला आणि मग थेट ऑगस्टच्या मध्यावर पेरते. दुसऱ्या पेरणीची कोथिंबीर पहिल्या कडक थंडीपर्यंत पुरते. फुलावर गेलेली रोपेही तुम्ही मला उपटू दिली नाहीत. त्यांचे हिरवे, कोवळे धने ठेचून आमटीत घातले की जो वास येतो, तो बाजारातल्या कोणत्याही जुडीला येत नाही.

मात्र ज्यासाठी मी तुमची सर्वाधिक ऋणी आहे, तो प्रसंग दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमधला. त्या वर्षी मी उघड्यावर अठरा टोमॅटोची रोपे लावली होती आणि ती फळांनी वाकली होती. चार दिवस उबदार, दमट पावसाळी हवा राहिली. पाचव्या दिवशी देठांवर तपकिरी चट्टे दिसले आणि आठवडा उलटण्याआत निम्मी बाग करपली. मी वाफ्याच्या कडेला बसून रडले. तुम्ही सांत्वनाचे शब्द बोलला नाहीत, कात्री घेऊन आलात. हा करपा तोच, ज्याने १८४५ पासून आयर्लंडमधले बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ ओढवला; बटाटा आणि टोमॅटो दोन्ही त्याचे भक्ष्य. तेव्हा आधी शेजारच्या ओळीतल्या बटाट्यांचा पाला जमिनीलगत कापायचा आणि बटाटे दोन आठवडे तसेच मातीत ठेवायचे, म्हणजे त्यांची साल पक्की होते आणि काढताना रोगाचे बीज त्यांना लागत नाही, हे तुम्ही हात चालवतानाच समजावलेत. त्या दोन ओळींतला जवळजवळ प्रत्येक बटाटा वाचला. सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा त्याहून जास्त आणि दोन्ही दिवशी हवेतली आर्द्रता किमान सहा तास ९० टक्क्यांवर राहिली, की इथे धोक्याचा इशारा समजतात. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये मी रोज सकाळी हे आकडे पाहते.

निरोगी दिसणारी हिरवी फळे तुम्ही त्याच दिवशी उतरवायला लावलीत. सात किलो भरली. त्यांतल्या काहींची दाण्याचे कूट आणि गूळ घालून भाजी झाली, उरलेल्यांची तीळ, लसूण आणि हिरवी मिरची परतून चटणी. ती चटणी आमच्या घरी आता दर ऑक्टोबरला होते, करपा येवो वा न येवो, कारण इथे थंडी पडेपर्यंत सगळे टोमॅटो कधीच पिकत नाहीत.

याखेरीज किती गोष्टी सांगू? नोव्हेंबरात पेरलेले ब्रॉड बीन बर्फातही जगतात आणि जूनमध्ये त्यांचे आतले साल काढून केलेली उसळ वालाच्या बिरड्याची आठवण देते. रनर बीन बोटाएवढी असतानाच तोडावी, दोन दिवस उशीर झाला की तिच्या कडेचे दोर काढत बसावे लागते. स्विस चार्डच्या पानांची, चिंच-गुळाची पातळ भाजी अळूच्या फार जवळ जाते.

मागच्याच्या मागच्या नोव्हेंबरात तुम्ही तुमच्या जुन्या रुबार्बचा, म्हणजे आंबट दांड्यांसाठी लावतात त्या झाडाचा, गड्डा फावड्याने दुभागलात आणि एक भाग माझ्या वाफ्यात स्वतः लावून दिलात. पाने विषारी, फक्त दांडे खायचे. दांडा कापायचा नाही, बुडाशी धरून पिळा देत ओढायचा. पहिल्या वर्षी एकालाही हात लावायचा नाही. गेले वर्षभर मी ही शिस्त पाळली आणि मेथांब्यासाठी दांडे तुमच्याच वाफ्यातून नेले. कैरी ज्या दिवसांत गावी उतरते, त्याच दिवसांत इथे रुबार्ब तयार होतो, आणि मेथीदाण्याच्या फोडणीवर गूळ विरघळवून, पाण्याचा थेंबही न घालता, शेवटी जेमतेम पाच मिनिटे त्याचे तुकडे शिजवले तर त्यांचा लगदा होत नाही, हे तुम्ही शोधून काढले नसते तर मी अजून डबाबंद कैरीच विकत आणत राहिले असते.

सध्या आमच्या खिडकीत अंड्यांच्या खोक्यांत बटाटे डोळे फुटण्यासाठी मांडले आहेत. परवा रुबार्बवरचा पेंढा बाजूला केला, तर मातीतून तांबूस डोळे वर आलेले दिसले. एप्रिलच्या अखेरीस त्याचे पहिले दांडे ओढायला तुम्हीच यावे, अशी विनंती आहे. गूळ आणि मेथीदाणे मी आणून ठेवले आहेत.

आपली कृतज्ञ,
शेजारच्या वाफ्यावरची