बाणावर दोन तारे आले म्हणजे सिद्ध झालं असं नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

हल्ली संशोधनाच्या बातम्यांत पाथ मॉडेलच्या (कशाचा कशावर किती परिणाम होतो हे बाणांनी मांडणाऱ्या) आकृत्या छापून येतात, चौकोन, बाण, बाणावर दोन तारे आणि खाली लगेच "अमुकमुळे तमुक होतं हे सिद्ध". अहो, ते तारे म्हणजे पी व्हॅल्यू छोटी असल्याची खूण, आणि ती ०.०५ च्या खाली आली याचा अर्थ एवढाच की मॉडेल बरोबर असतं आणि तो परिणाम शून्य असता तर इतका मोठा आकडा क्वचितच दिसला असता, बाणाची दिशा टेस्ट सांगतच नाही, ती संशोधकानेच आधी ठरवलेली असते. काही मॉडेलमध्ये तर बाण उलटा केला तरी फिट (मॉडेल डेटाशी किती जुळतं ते) तंतोतंत तोच येतो! ही पद्धत काढणाऱ्या स्यूअल राइट या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञानेच १९३४ मध्ये लिहून ठेवलंय की नुसत्या कोरिलेशनवरून (दोन गोष्टी सोबत बदलतात एवढ्यावरून) कारण शोधणं हे हिचं कामच नाही.

आणि अख्ख्या मॉडेलची काय-स्क्वेअर टेस्ट तर उलटी वाचायची, तिथे सिग्निफिकंट (म्हणजे पी व्हॅल्यू छोटी) आलं म्हणजे मॉडेल डेटाशी जुळत नाही. त्यातही सॅम्पल हजारोंचं असलं की बारीकशी तफावतही पकडली जाते, आणि सॅम्पल छोटं असलं की टुकार मॉडेलही सुटतं.

निदान कोएफिशंट (परिणाम किती मोठा तो आकडा), कॉन्फिडन्स इंटरव्हल (त्या आकड्यातली अनिश्चितता दाखवणारा पट्टा) आणि सॅम्पल साइज एवढं तरी छापा, तारे नसले तरी चालतील.

– एक वाचक